खडबडीत ट्रॅक आणि राइड हाइट: आयरेसिंग, एसीसी की ल मान्स अल्टिमेट?

स्टीअरिंग व्हील आणि पेडल घेऊन झालेत, आता पैसे रेसिंगच्या एकाच सिमवर (सिम्युलेटर गेमवर) खर्च करायचेत आणि तुम्हाला खरी ओढ आहे ती ट्रॅकच्या उंचसखलपणाची आणि सेटअपशी, म्हणजे गाडीची राइड हाइट (तळाची जमिनीपासूनची उंची), स्प्रिंग वगैरेंच्या जुळणीशी खेळण्याची. असं असेल तर आयरेसिंग, असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने (यापुढे एसीसी) आणि ल मान्स अल्टिमेट या तिघांतच निवड करा. माझा कल शेवटच्याकडे आहे. पण सगळ्यांनी तेच घ्यावं असं मी म्हणणार नाही.

निवडताना एक चूक बहुतेकजण करतात. हातात जितकी जास्त धडधड, तितका सिम खरा, असं धरून चालतात. ती धडधड नंतर वरून मिसळता येते. एसीसीच्या आधीच्या असेटो कोर्सामध्ये आणि एसीसीमध्ये ‘रोड इफेक्ट’ वाढवायचा स्लायडरच आहे. तो पुढे सरकवला की गुळगुळीत रस्ताही खडबडीत लागतो. खरी परीक्षा वेगळी आहे: गाडी पाच मिलिमीटर खाली घेतली तर गेम बक्षीस काय देतो आणि किंमत काय वसूल करतो?

ही किंमत खऱ्या रेसिंगमध्ये किती असू शकते, ते फॉर्म्युला वनच्या २०२३च्या अमेरिकन ग्रां प्रीत दिसलं. लुईस हॅमिल्टन दुसरा आला होता, शार्ल लक्लेर सहावा. शर्यत संपल्यावर दोघंही बाद झाले, कारण गाडीच्या तळाला लावलेली फळी प्रमाणाबाहेर झिजली होती. ही फळी १० मिलिमीटर जाडीची असते आणि झिजायची मुभा एकाच मिलिमीटरची. ही शर्यत झाली तो ऑस्टिनचा ट्रॅक उंचसखल, त्यात स्प्रिंटचा (मुख्य शर्यतीआधी एक छोटी शर्यत असलेला) वीकेंड, म्हणजे सेटअप पक्का करण्याआधी सराव फक्त एका तासाचा. तळ जमिनीच्या जितका जवळ तितका डाउनफोर्स (हवेमुळे गाडीला खाली दाबणारा जोर) जास्त, म्हणून कोणीच उगाच गाडी वर ठेवत नाही. उंचवटे येतात आणि हा हिशेब बिघडवतात. चांगल्या सिमने नेमका हा बिघाड दाखवायला हवा.

आता हातात येणाऱ्या जाणिवेबद्दल. फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटरने व्हीलमध्ये येणारा जोर, सांगतो ते मुख्यतः पुढच्या दोन चाकांचं. एसटीच्या शेवटच्या बाकावरच्या प्रवाशाला जो दणका बसतो, तो ड्रायव्हरच्या स्टीअरिंगमध्ये जाणवेलच असं नाही; सिममध्येही मागच्या चाकाखालचा उंचवटा व्हीलमध्ये जवळजवळ येतच नाही. तो कळतो गाडीची मागची बाजू सैल पडल्यावर किंवा खुर्चीखाली बास शेकर (खुर्ची थरथरवणारं यंत्र) बसवला असेल तर. सिमहब नावाचं सॉफ्टवेअर वापरून चारही चाकांचे दणके वेगवेगळे खुर्चीपर्यंत आणता येतात, आणि माझ्या मते राइड हाइट समजून घ्यायला महागड्या व्हीलपेक्षा हा खर्च जास्त सत्कारणी लागतो.

तरी व्हीलमध्ये फरक आहेच. आयरेसिंगचं भौतिकशास्त्र सेकंदाला ३६० वेळा मोजलं जातं, पण बहुतेक व्हीलना संकेत मिळतो सेकंदाला ६० वेळा. ताशी २५० च्या वेगाने गाडी दोन संकेतांच्या मधे मीटरभराहून जास्त पुढे गेलेली असते. काही डायरेक्ट ड्राइव्ह बेस (ज्यात व्हील थेट मोटरवर बसतं) ३६०चा संकेत घेऊ शकतात, त्यांच्यावर चित्र बदलतं. ल मान्स अल्टिमेट आरफॅक्टर २ या जुन्या सिमच्या पायावर उभा आहे. तिथे हा आकडा ४०० आहे, म्हणजे त्याच वेगाला साधारण १७ सेंटिमीटरमागे एक संकेत. काँक्रीटच्या दोन फरशांमधला सांधा एवढ्यात पकडता येतो. एसीसीचं भौतिकशास्त्रही ४००चं आहे, पण त्याचा फीडबॅक मला नेहमी जरा गादीवरून आल्यासारखा मऊ वाटतो. सौम्य म्हणून काहींना तोच आवडतो.

काँक्रीटचा विषय निघालाच आहे, तर सेब्रिंगकडे वळू. फ्लोरिडातला हा ट्रॅक दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळावर उभा राहिला आणि धावपट्टीच्या जुन्या फरशा अजूनही वापरात आहेत. शेवटचं, सतरावं वळण उजवीकडे लांबच लांब जातं. तिथे गाडी एकदाच उडत नाही, उड्यांची मालिकाच लागते, आणि त्यातच तुम्हाला थ्रॉटल द्यायचा असतो. ल मान्स अल्टिमेटमध्ये हायपरकार (ल मान्स शर्यतीतल्या सर्वांत वेगवान वर्गाची गाडी) इथे कमी उंचीवर नेली तर तळ टेकतो. त्या क्षणी पुढच्या चाकांवरचा भार निघून जातो, स्टीअरिंग हलकं पडतं आणि गाडी भिंतीच्या दिशेने सरकू लागते. दोन क्लिक वर घ्या, तीच गाडी ऐकते, पण सरळ पट्ट्यांवर थोडा वेळ हातचा जातो. हा व्यवहार इतका स्पष्ट मला दुसऱ्या दोघांत दिसला नाही. आयरेसिंगमधलं सेब्रिंगही लेझर स्कॅन केलेलं (खरा ट्रॅक लेझरने मोजून बनवलेलं) आणि उत्तम आहे. एसीसीत सेब्रिंग नाही, आणि खडबडीतपणासाठी सिम शोधणाऱ्याला ही उणीव खटकणारच.

एसीसीचं उत्तर म्हणजे नॉर्डश्लाइफे, जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगचा जुना, लांबलचक ट्रॅक. ती २०२४ मध्ये आली आणि वेगळी विकत घ्यावी लागते. तिथल्या फुक्सरोअर या उताराच्या तळाशी गाडी जी दबते, तो प्रसंग एसीसी छान उभा करतो. तिथे बंपस्टॉपची (सस्पेन्शन फार दबू न देणाऱ्या अडणीची) रेंज किती ठेवायची हे शिकता येतं. आयरेसिंगमध्येही हा ट्रॅक आहे. ल मान्स अल्टिमेटमध्ये नाही.

गॅरेजमध्ये तिघांचे स्वभाव अगदी वेगळे. एसीसीमध्ये पुढची आणि मागची राइड हाइट हा सरळ एक आकडा आहे, शेजारी स्प्लिटर (पुढच्या बंपरखालचा पट्टा) आणि मागची विंग. पुढून खाली, मागून वर केलं की एरोचा (हवेच्या दाबाचा) तोल पुढे सरकतो, हे नवख्यालाही तासाभरात उमगतं. आयरेसिंगमध्ये बऱ्याच गाड्यांना स्प्रिंग बदलली की उंचीही बदलते. मग स्प्रिंग पर्च ऑफसेट (स्प्रिंगच्या बैठकीची जागा) फिरवून ती परत जागेवर आणावी लागते आणि किमान मर्यादेखाली गेलात तर तांत्रिक तपासणी गाडी बाहेर सोडत नाही. ज्यांना मेकॅनिकचं काम आवडतं त्यांना यात मजा आहे, बाकीच्यांना डोकेदुखी.

आकडे बघणाऱ्यांसाठी: आयरेसिंगच्या टेलिमेट्रीत (गाडी चालताना नोंदल्या जाणाऱ्या आकड्यांत) प्रत्येक चाकाजवळची राइड हाइट थेट मिळते. ल मान्स अल्टिमेट ज्या आरफॅक्टर २च्या सॉफ्टवेअरवर चालतं त्यातही पुढची-मागची उंची उपलब्ध असते. एसीसी मोटेक या आकडे तपासायच्या सॉफ्टवेअरसाठी फाइल देतं, त्यात सस्पेन्शनचा प्रवास आणि बंपस्टॉपचे आकडे असतात. उंचीचा अंदाज त्यावरून बांधावा लागतो.

खर्च बघा. आयरेसिंगला डॉलरमध्ये वर्गणी, वर बहुतेक ट्रॅक आणि गाड्या सुट्या विकत. ऑनलाइन शर्यतींची शिस्त मात्र तिथे सगळ्यांत चांगली, त्यामुळे रोज कोणाशी तरी नीट झुंजायचं असेल तर वर्गणी वसूल होते. केवळ उंचवट्यांसाठी ती भरणं मला परवडणारं वाटत नाही. ल मान्स अल्टिमेटमध्ये सेब्रिंग मूळ गेमबरोबरच येतं, ऑस्टिन मात्र वेगळं घ्यावं लागतं. एसीसीलाही ऑस्टिन अमेरिकन ट्रॅक पॅकमध्येच मिळतं, पण सेलच्या दिवसांत थांबलात तर हे सगळं स्वस्तात पडतं.

लॉजिटेक जी२९ सारखं गिअरवर चालणारं व्हील असेल तर फीडबॅकच्या ६० आणि ४००च्या वादात पडू नका. बारीक उंचवटे गिअरच्या खडखडाटातच विरतात. अशा वेळी एसीसी घ्या, राइड हाइटचं गणित तिथे शिका आणि डायरेक्ट ड्राइव्ह आल्यावर ल मान्स अल्टिमेटकडे जा. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर खेळत असाल तर एवढा विचारही नको. या तिघांपैकी तिथे एसीसीच मिळतं.