कॅट ‘मोकळा’ करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा

चेक इंजिनचा दिवा लागला होता आणि गाडी अधूनमधून अडखळत होती, एवढीच माझी तक्रार. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला आणि स्क्रीन मला न दाखवताच सांगून टाकलं: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे एक्झॉस्टमधला, धुरातले विषारी वायू कमी करणारा जाळीचा डबा) चोक झालाय, इजीआरही (थोडा धूर इंजिनात परत सोडणारी वाट) बंद करू; कंपनी हे फक्त नियमांपायी बसवते, इंजिनाला त्याचा काही उपयोग नाही. पिकअप वाढेल, अॅव्हरेजही वाढेल. काम झालं, दिवा विझला, आवाज भारदस्त झाला. त्याने भरपूर पैसे घेतले.

अडखळणं मात्र तसंच राहिलं. वर अर्ध्या अॅक्सिलरेटरवर चढ चढताना इंजिन खडखडायला लागलं, पेट्रोल जास्त लागू लागलं, सिग्नलला थांबलं की केबिनमध्ये उग्र वास येऊ लागला.

दुसऱ्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली. कॅटचं कवच जागच्या जागी होतं, पण त्यावर कापून पुन्हा जोडल्याची वेल्डिंगची ताजी रेघ होती. पान्याने ठोकलं तर पोकळ आवाज आला. आतली जाळी गायब! इजीआरच्या पाइपात बिनभोकाची पत्र्याची चकती अडकवलेली. दिवा विझला होता कारण इसीयूमधले, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले, बिघाडाचे कोडच बंद केले होते. मूळ दोष निघाला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या एका इग्निशन कॉइलमध्ये.

त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा थर असतो. भंगारातही तिला चांगला भाव मिळतो. म्हणजे माझ्या गाडीतला मौल्यवान धातू काढून नेण्याची मजुरी त्याने माझ्याकडूनच वसूल केली. याचा मला आजही संताप येतो.

पिकअप वाढण्याची गोष्टही खोटीच. पेट्रोल इंजिनात पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावर इजीआर व्हॉल्व्ह सहसा बंदच असतो, मग तो काढून ताकद कुठून येणार? कमी लोडवर तो थोडा धूर परत आत सोडतो, त्याने ज्वलनाचं तापमान उतरतं आणि इसीयू त्या हिशेबाने ठिणगी लवकर पाडतो. वाट बुजवली की तीच ठिणगी नॉकिंग करते, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिन खडखडतं. कॅट काढला की ताकद वाढते, ही समजूत 1970च्या दशकातली आहे. तेव्हाचे कॅट धूर खरंच अडवायचे, शिवाय इंजिनांचं कॉम्प्रेशनही कमी केलेलं होतं. आजच्या साध्या, बदल न केलेल्या इंजिनात कॅट काढून जाणवेल असा फरक पडत नाही. आवाज वाढला की गाडी पळतेय असं वाटतं, इतकंच.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कार्बन मोनॉक्साइडची. जाळी नसेल तर तो कितीतरी जास्त बाहेर पडतो, आणि त्याला वास नसतो. एक्झॉस्टला कुठे गळती असेल तर मागे बसलेल्या मुलांना काही कळणारही नाही.

कॅट खरोखर चोक होतो, नाही असं नाही. पण त्याची तपासणी असते: पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावायचा. 2500 आरपीएमला दाब साधारण 3 पीएसआयच्या आत असेल तर कॅट मोकळा आहे. दाब जास्त निघाला तर आधी मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) आणि ऑइल जळणं तपासून घ्या, नाहीतर नवा कॅटही तसाच जाईल. आणि जुना कॅट काढलाच, तर जाळीसकट हातात घेतल्याशिवाय बिल चुकतं करू नका.