टायरची भिंत की वाड्याच्या विटा?

मावसभावाला नाशिकजवळच्या गिरणारे गावातल्या शेतात वीजजोडणीशिवाय घर बांधायचंय, तेही जुन्या सामानातून. अडलंय ते भिंतींवर: अमेरिकन वास्तुरचनाकार मायकेल रेनॉल्ड्स यांनी तिथल्या न्यू मेक्सिको राज्यात रुजवलेली मातीभरल्या टायरांची पद्धत, की नाशकात पाडल्या जाणाऱ्या वाड्यांच्या विटा आणि सागवान?

खर्च: टायर जवळपास फुकट, पण मजुरी जीव काढते. घणाने माती ठोकून भरलेला टायर 100 किलोच्या वर जातो, म्हणून तो जागेवरच भरायचा. वाड्याच्या विटांना पैसे पडतात, चुना खरवडावा लागतो, पण गवंडी गावातच मिळतो. तुळई घेताना टोकं टोचून बघा. भिंतीत रुतलेला भागच आधी कुजतो, वाळवीही तिथेच सापडते.

टिकाऊपणा: टायरला ऊन लागता कामा नये, त्यामुळे गिलावा हवाच. पावसासाठी दगडी जोतं दोन्हींना लागतं.

गारवा: दोन्ही जाड भिंती दिवसाची उष्णता उशिरा आत सोडतात. मात्र रेनॉल्ड्स यांच्या घरांना दक्षिणेला काचेची भिंत असते, ती थंडीत ऊब मिळावी म्हणून. ती इथे अजिबात आणू नका.

पाणी आणि सौरऊर्जेत भिंतीने फरक पडत नाही. 1000 चौरस फूट छपरावर 100 मिमी पाऊस म्हणजे साधारण 9 हजार लिटर पाणी, तेव्हा टाकीचे पैसे आधी बाजूला काढा.

हाताशी माणसं असतील आणि उतारावर मातीला टेकून बांधायचं असेल तर टायर. सपाट जागा, मोजका वेळ, पुढे खोली वाढवायचा विचार असेल तर विटा. भावाला मी विटाच सांगितल्या.