आशांचं एचआयव्ही-व्यसन प्रशिक्षण : पाचपैकी साडेतीन

हर्णै बंदराजवळच्या गावात मी बारा वर्षं आशा, म्हणजे गावची आरोग्यसेविका, आहे. ऑगस्टमध्ये तालुक्याला दोन दिवस हे प्रशिक्षण केलं.

पहिला दिवस फुकट गेला. इंग्रजी स्लाइडी, त्या वाचून दाखवणाऱ्या मॅडम, आणि पंख्याखालच्या खुर्चीसाठी आमची चढाओढ. एचआयव्ही कसा पसरतो हे आम्हाला तोंडपाठ आहे हो!

दुसऱ्या दिवशी समजावण्याच्या सरावासाठी जोड्या लावल्या. माझ्यासमोर खलाशी, म्हणजे शेजारच्या गावची आशा, डोक्याला ओढणी गुंडाळून. मी सुरुवातच केली, "आजपासून दारू बंद!" समुपदेशक ताईंनी तिथेच अडवलं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग सोडणं. बारा वर्षं मी घरोघरी उलटंच सांगत आले होते. जेवताना घास उतरेना.

आणखी एक. लोह आणि कॅल्शियम एकत्र द्यायचं नाही, हे ठाऊक होतं. पण एचआयव्हीच्या हल्लीच्या रोजच्या गोळीत डोल्युटेग्रॅविर असतं, आणि उपाशीपोटी ती या गोळ्यांसोबत घेतली तर औषध नीट अंगी लागत नाही. एक तर जेवणाबरोबर घ्यायची, नाहीतर त्यांच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी. गरोदर बाईला लोह-कॅल्शियमची दोन्ही पाकिटं आम्हीच देतो, म्हणून वहीत लाल पेनाने लिहिलं.

२०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय कुणाचा एचआयव्ही उघड करता येत नाही, हेही सांगितलं. पण वाडीत आशा एका दारात दोनदा थांबली की संध्याकाळपर्यंत नळावर चर्चा. मी उपाय विचारला. मॅडम म्हणाल्या, "गोपनीयता पाळा." मागच्या रांगेतली एक आशा म्हणाली, "दहा घरं फिरायची, त्यात ते एक." टाळ्या तिला पडल्या.

अर्धा तारा कापला तो वेळेसाठी. १ जून ते ३१ जुलै बोटी बंद, पुरुष घरी. तेव्हा हे शिकवायचं सोडून बोटी सुटल्यावर बोलावलं. खलाशी दहा-दहा दिवस दर्यावर असतो, त्याच्या गोळ्यांचं काय, यावर एक अक्षर नाही. उरलेला तारा पहिल्या दिवसाचा.

गणपतीनंतर दुसरी तुकडी आहे म्हणतात. जाणाऱ्यांनी डबा न्यावा, डाळ पाण्यासारखी होती. माझा प्रवासभत्ता अजून यायचाय.