अंधेरीतला एआय ऑडिटचा कोर्स: दुसऱ्या दिवशी दुपारीच जा

५ पैकी ३ स्टार. कंपनीने फी भरली म्हणून गेलो, स्वतःच्या खिशातून गेलो नसतो. चकाला मेट्रोपासून पाच मिनिटं चाललं की क्लास, आयएसओ ४२००१ (कंपनीने एआय कसं सांभाळावं याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) चं दोन दिवसांचं ट्रेनिंग. आम्ही नोकरीचे अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर बनवतो, एक क्लायंट जर्मनीतला, त्यामुळे साहेबांची झोप उडालीय.

पहिला दिवस वैताग. सर स्लाईड वाचून दाखवतात, रिस्क रजिस्टरवर अडीच तास, एसी असा की पुढच्या मॅडमनी ओढणीने कान बांधले. वडा मात्र गरम होता.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर एक रिटायर्ड बाई आल्या, अख्खं आयुष्य स्टँडर्डच्या कमिट्यांत गेलेलं. आधी सगळ्यांना बॅगेतले चार्जर टेबलावर काढायला लावले. एक सोडून सगळे टाईप-सी. "ही वायर ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपियन युनियनने ठरवली, तुम्हाला कोणी विचारलं होतं?" मग एआय. आयएसओ-आयईसी या आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड ठरवणाऱ्या दोन संस्थांची एआयवरची कमिटी, एससी ४२, निघाली २०१७ ला, सेक्रेटरिएट अमेरिकेकडे आणि पहिली बैठक २०१८ ला बीजिंगमध्ये! इथे माझी डुलकी गेली. बाई म्हणाल्या, ज्याचा मसुदा आधी पडला त्याच्यावरच बाकीचे काथ्याकूट करतात, चिनी कंपन्या आयटीयूत (संयुक्त राष्ट्रांची टेलिकॉम संस्था) चेहरा ओळखण्याच्या स्टँडर्डचे प्रस्ताव घेऊन गेल्या त्या उगाच नाही. वर डब्ल्यूटीओचा करार सांगतो की टेक्निकल नियम करताना आंतरराष्ट्रीय स्टँडर्डचा आधार घ्या, म्हणजे तिकडे घुसलेला शब्द फिरून आपल्याच दारात. मतदानात एका देशाला एकच मत, आपल्या बीआयएसलाही (भारताची स्टँडर्ड संस्था) तेवढंच, पण मसुदे लिहायला माणसं वर्षानुवर्षं बसवायची तर त्यांचा पगार कोण देणार?

आता तक्रार. ब्रोशरवर मोठ्ठं छापलंय, 'सर्टिफिकेट घ्या, युरोपची चिंता सोडा'. युरोपचा एआय कायदा ऑगस्ट २०२४ पासून अमलात आलाय, टप्प्याटप्प्याने लागू होतोय, आणि नोकरभरतीचं सॉफ्टवेअर त्यात हाय-रिस्क. पण कायदा पाळला असं गृहीत धरलं जातं ते युरोपच्या स्वतःच्या, त्या कायद्यासाठीच्या 'हार्मोनाइज्ड' स्टँडर्डवर, आणि ती स्टँडर्ड सेन-सेनेलेक या युरोपच्या स्टँडर्ड संस्थांची कमिटी वेगळी लिहितेय, नुसत्या ४२००१ वर ती सवलत नाही. हे बाईंनीच सांगितलं, ब्रोशर हातात धरून, सरांसमोर. सर फोन बघत बसले.

काउंटरवर विचारलं तर उत्तर आलं, "सर, ते ॲडव्हान्स कोर्समध्ये कव्हर होतं, अर्ली बर्ड चालू आहे."

बुक करायचाच असेल तर त्या बाई कुठल्या बॅचला आहेत ते आधी फोन करून विचारा.