भागाकाराच्या कसोटीवर: मायएसक्यूएल की पोस्टग्रेस?

बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांवरून डेटाबेस निवडायची वेळ सहसा येत नाही. भागाकार मात्र मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या दोन डेटाबेसचा स्वभाव उघडा पाडतो.

शाळेच्या हजेरीचं टेबल घ्या. हजर आणि पट, दोन्ही कॉलम इंटिजर, म्हणजे पूर्णांक. ‘हजर / पट * १००’ या हिशेबात ३८ आणि ४० ला मायएसक्यूएल सरळ ९५ टक्के देतं. पोस्टग्रेस ० देतं, कारण तिथे दोन इंटिजरचा भागाकार इंटिजरच राहतो, ०.९५ चं ० होतं. अख्खा वर्ग हजर असला तर १००, एक जरी गैरहजर असला तरी ०. ‘१०० * हजर / पट’ असं फिरवलं तरी ३७ ला ९२.५ ऐवजी ९२ येतात. ‘हजर * १००.० / पट’ लिहिलं की काम होतं. नवख्याला हे जाचतं खरं, पण असा रिपोर्ट पाहताक्षणी चुकीचा दिसतो.

मला जास्त खटकते ती मायएसक्यूएलची शून्याने भागायची पद्धत. एखाद्या वर्गाचा पट भरायचा राहिला, ० पडला आणि हजर ३५ आहेत. सिलेक्टमध्ये, म्हणजे डेटा वाचताना, उत्तर येतं नल (किंमतच नाही), सोबत फक्त वॉर्निंग, आणि ती सहसा कुणी वाचत नाही. स्ट्रिक्ट मोड ही कडक तपासणीची सेटिंग डेटा भरणं-बदलणं (इन्सर्ट-अपडेट) अडवते, सिलेक्ट नाही. वर ॲव्हरेज काढलं की नल गाळला जातो. तो वर्ग हिशेबातून गायब आणि शाळेची सरासरी दिसायला अगदी ठीक. पोस्टग्रेस तिथेच एरर देऊन थांबतं. एका ओळीपायी अख्खा रिपोर्ट अडतो हे त्रासाचं आहे, पण बिघाड त्याच दिवशी कळतो. नल हवाच असेल तर ‘नलइफ(पट, ०)’ ने भागा, म्हणजे पट ० असेल तर त्याजागी नल येतो. मग तो तुम्ही जाणूनबुजून मागितलेला असतो.

वजाबाकीत मायएसक्यूएल उलट कडक आहे: अनसाइन्ड, म्हणजे ऋण संख्या न घेणाऱ्या, कॉलममध्ये ५ मधून ८ वजा केले की थेट एरर. आणि ‘२ ^ ३’ पोस्टग्रेसमध्ये ८, मायएसक्यूएलमध्ये १, कारण तिथे ते चिन्ह घाताचं नसून बिटवाइज एक्सॉरचं, म्हणजे बायनरी अंकांची तुलना करण्याचं आहे.

चालू सिस्टिम मायएसक्यूएलवर असेल तर एवढ्यासाठी हलवू नये, असं मला वाटतं. नव्याने सुरुवात असेल आणि टक्केवारी, सरासरी हेच मुख्य काम असेल, तर मी पोस्टग्रेस घेईन. फक्त ‘पट > ०’ ही अट वेअरमध्ये (ओळी निवडायच्या अटींच्या भागात) ॲन्डने जोडून त्याच वेअरमधल्या भागाकाराला संरक्षण मिळेल असं धरू नका. अटी कोणत्या क्रमाने तपासल्या जातील याची हमी नसते. तिथे केस (‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ अशी रचना) वापरा.