पॅनेल टेस्टिंग की निकाल झाकून फेरतपासणी?
क्षयरोगासाठी थुंकीच्या स्लाइड मायक्रोस्कोपखाली वाचणारा टेक्निशियन किती अचूक, हे जोखायचे दोन मार्ग. पॅनेल टेस्टिंगमध्ये बाहेरून तयार स्लाइड येतात. परीक्षा आहे हे ठाऊक असतं, त्यामुळे शंभर फील्ड (भिंगातून एका वेळी दिसणारा भाग) मन लावून बघितली जातात. नवशिक्याची नजर तपासायला ठीक. रोजचं काम त्यात दिसत नाही.

माझा कौल फेरतपासणीला. पर्यवेक्षक पेटीतल्या रोजच्याच स्लाइड अधूनमधून उचलतो आणि दुसरा माणूस मूळ निकाल न बघता त्या वाचतो. थर जाड, कार्बोल फुक्सिन हा लाल रंग नीट तापलेला नाही, निळ्यावरच्या चार-पाच लाल काड्या, म्हणजे क्षयाचे जंतू, निसटल्या, सगळं उघडं पडतं. अशी एक निसटली, की रुग्ण खोकतच घरी जातो! वेळ जास्त लागतो, हे खरं. आणि स्लाइड तेल काढून, क्रमाने पेटीत जपलेल्या हव्यात.