स्वीडिश वेताळ आणि काल्ले आंकाचा जुना गठ्ठा, ८ महिन्यांनंतरचा अनुभव (कुपनं आधी विचारा!!)

वेताळ (म्हणजे कॉमिक्समधला फँटम) कोण, डोनाल्ड डक कोण हे सांगत बसत नाही, लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स वाचलेल्यांसाठीच लिहितोय. मी स्वीडनमधे माल्मोत राहतो. फेब्रुवारीत एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जुन्या अंकांचं खोकं घेतलं, ९०० क्रोनरला १२० अंक, म्हणजे अंकाला साडेसात. नव्वदेक 'फांतोमेन' (हा इथला वेताळ), बाकी 'काल्ले आंका' म्हणजे डोनाल्ड, आणि तीन जाडजूड पॉकेट पुस्तकं. हेतू एकच, क्लासची फी वाचवून स्वीडिश शिकायचं. बायको म्हणाली लोक रद्दी विकतात, तू विकत घेतोस.

जाहिरातीत लिहिलं होतं 'सगळे अंक पूर्ण'. पूर्ण!! तिसऱ्याच दिवशी १९७६ चा एक अंक घेऊन बसलो, डिक्शनरी मांडीवर, एकेक शब्द शोधत चौदा पानं पार केली, वेताळ गुहेच्या तोंडाशी आलाय, झुडपामागे दोन बंदूकवाले टपून बसलेत, पान उलटलं तर खाली कोपऱ्यात चौकोनी भोक. मागच्या बाजूला कसलंतरी कुपन होतं ते कुणा पोराने कापून घेतलंय. तेही कसं, पट्टी लावून, आधी पेन्सिलीने आखून, ती रेघ अजून दिसते. शेवटच्या ओळीतलं पहिलं चित्र गायब, आणि पुढच्या चित्रात थेट दोघंही आडवे पडलेले. मधे काय झालं??

मग सगळंच खोकं उपसलं. ३१ अंकांत कुपन कापलेलं. एकतीस! विक्रेत्याला मेल टाकला तर उत्तर आलं, जुन्या अंकांत असं असतंच. अरे मग पूर्ण कशाला लिहिलंस बाबा? त्याच रागात दुसरी तक्रार पण ठोकून दिली की पॉकेट पुस्तकं छपाईतच बिघडलेली आहेत, दोन पानं रंगीत, दोन काळी-पांढरी, परत दोन रंगीत, असं शेवटपर्यंत, शाई संपली होती का. त्यावर त्याने नुसता एक स्मायली पाठवला. तो स्मायली का होता ते मला दोन महिन्यांनी कळलं. त्या काळात ती पुस्तकं मुद्दामच तशी छापायचे, खर्च वाचवायला, निम्मी पानं रंगात आणि निम्मी बिनरंगाची. म्हणजे माझी दुसरी तक्रार पूर्ण चुकीची होती हे इथे कबूल करतो. आणि खरं सांगू, काटकसरीची ही आयडिया मला भयंकर आवडली. पहिली तक्रार मात्र कायम आहे.

एप्रिलपासून बारीक अक्षरातला मजकूर वाचायची सवय लागली (कुपनाच्या पत्त्यावरून काही सुगावा लागतो का बघत होतो, नाही लागला). जुन्या वेताळच्या अंकांवर प्रकाशकाचं नाव सेमिक, नंतरच्या अंकांवर एग्माँट. १९९७ ला सेमिकचा कॉमिक्सचा धंदा एग्माँटने घेतला. आणि काल्ले आंका तर पहिल्यापासून त्यांच्याच घरचा. एग्माँट ही मूळ डॅनिश कंपनी, कोपनहेगनची. १८७८ साली एग्माँट हाराल्ड पेटरसन नावाच्या, विशीही न गाठलेल्या पोराने छोटा छापखाना टाकला. मग बायकांचं साप्ताहिक घेतलं, ते नॉर्वेत नेलं, १९२१ ला स्वीडनमधे हेमेट्स शुर्नाल म्हणून काढलं, आमच्या माल्मोतच. १९२० पासून कंपनीची मालकी फाउंडेशनकडे आहे, नफ्यातून पोराबाळांच्या कामाला पैसे जातात. १९९२ पर्यंत कंपनीचं नाव गुटेनबर्गहुस होतं, मग मालकाचं पहिलं नाव लावलं. जर्मनीत १९५१ ला शाखा काढली तिचं नाव एहापा, म्हणजे मालकाचीच आद्याक्षरं जर्मन उच्चारात. आपल्याकडे दुकानाला आजोबांचं नाव देतात, यांनी इनिशियल्स दिली.

डोनाल्डचा मासिकप्रवास लक्षात ठेवायला सोपा आहे. सप्टेंबर १९४८ स्वीडन, डिसेंबरमधे नॉर्वे, मार्च १९४९ डेन्मार्क. गंमत अशी की तिघांत कंपनीच्या स्वतःच्या देशात सगळ्यात शेवटी. पुढे झालं काय की अमेरिकेतून येणाऱ्या गोष्टी पुरेनात, इकडे तर दर आठवड्याला अंक काढायचा, मग कोपनहेगनवाल्यांनी स्वतःच गोष्टी करून घ्यायला सुरुवात केली. पटकथा इंग्रजीत, ऑफिस डेन्मार्कमधे, आणि चित्रं काढणारा 'विकार' (हे त्याचं टोपणनाव) हा मूळचा चिलीचा, तेव्हा राहायला बार्सिलोनात. तिथून ते पान स्वीडिशमधे येऊन माझ्या मांडीवर पडतं, साडेसात क्रोनरला. अमेरिकन चित्रकार डॉन रोझाची, डोनाल्डच्या स्क्रूज काकांच्या आयुष्यावरची बारा भागांची मालिका जगभर गाजली तीही यांच्याचसाठी काढलेली, १९९२ ते ९४ मधे. त्याने मात्र नंतर उघडपणे लिहिलंय की पानामागे ठरलेले पैसे मिळायचे, पुन्हा कितीही वेळा छापलं तरी रॉयल्टी नाही. हे वाचून दोन दिवस मूड गेला होता. फाउंडेशन दानधर्म करतं ते ठीक, पण चित्रकाराचं काय.

आता वेताळ. इथे माझं मत पूर्ण फिरलं. मी समजत होतो की हे पण वेताळचा मूळ लेखक ली फॉकच्या चित्रपट्ट्यांचं भाषांतर असणार, इंद्रजालसारखंच. नाही! १९५० ला फांतोमेन सुरू झालं आणि १९६३ पासून त्यात स्वीडनमधे बनवलेल्या गोष्टी येतात, नव्याकोऱ्या. गोष्टीत १५३६ पासून बापामागून मुलगा असे एकवीस वेताळ हाताशी असल्यावर काय, कुठल्याही शतकात घुसतात. आपलं इंद्रजाल १९९० ला बंद पडलं तेव्हा साताऱ्याच्या लायब्ररीत आम्ही हळहळत होतो, आणि इथे पठ्ठ्या दर पंधरवड्याला झाडावरून उड्या मारतच होता, आम्हाला पत्ताच नाही.

नावांची पण मजा आहे. आपल्याकडे नको ती भानगड म्हणून वेताळच्या, बंगालशी नाव जुळणाऱ्या देशाचं डेंकाली केलं होतं आणि त्याचे शत्रू असलेल्या सिंग नावाच्या समुद्री चाच्यांचं सिंगा. इथे देश सरळ 'बेंगाली', चाचे सरळ 'सिंग'. माझ्या पंजाबी मित्राने एक अंक चाळला आणि म्हणाला, म्हणजे लहानपणी तुम्ही मला उगाच सोडून दिलंत तर.

भाषेपुरतं बोलायचं तर गठ्ठा वसूल. चौकटीत वेताळची महती सांगितली की खाली कंसात 'गामाल्ट युंगेल-उर्डस्प्रोक' येतं, म्हणजे आपली जंगलातली जुनी म्हण. हे इथल्या माणसांच्या बोलण्यातही आहे. जूनमधे ऑफिसात कॉफी मशीन बंद पडलं, मी म्हटलं हे मशीन 'हुर्ड मुट दे हुर्डा', कठोरांशी कठोर, गामाल्ट युंगेल-उर्डस्प्रोक. सगळे खो खो हसले, साहेबासकट. तीन वर्षांत माझ्या स्वीडिशवर पहिल्यांदाच कुणी जिथे हसायला पाहिजे तिथे हसलं.

आधी एक तारा दिला होता, आता चार करतोय. पाचवा कुपनामुळे कापला, पट्टी लावून.

अपडेट, ऑक्टोबर: त्या १९७६ च्या अंकाची दुसरी प्रत सापडली, गावातल्या जुन्या बाजारात, ५ क्रोनर, कुपन शाबूत. घरी यायला दम नाही निघाला, बसस्टॉपवरच उघडला. त्या चौकटीत वेताळ नाहीच. बंदूकवाले पण नाहीत. नुसतं झाडीत काळं चित्र आणि मोठ्या अक्षरात ठोशाचा आवाज. आठ महिने!

उरलेल्या ३० ची यादी करून ठेवलीये. कुणाकडे सत्तरच्या दशकातले फांतोमेन असतील तर कळवा, बदल्यात डबल झालेले अंक देईन. कुपन कापलेलं असेल तर मात्र आधीच सांगा.